उष्टी जागा

आमच्या घरात जनावरांची वाटणी झालेली होती. घरात आणि गल्लीत दिसणारी सगळी मराठी: मांजर, उंदीर, पाल, म्हैस, पावसाळ्यात मोरीच्या भोकातून येणारा बेडूक. जंगलातली मात्र सगळी हिंदी: शेर, भालू, हिरन, सियार. भिलाईत वाढलेल्या आम्हा मराठी पोरांना अस्वल हा शब्द पुस्तकातला वाटायचा. कोणी तो मोठ्यानं उच्चारला तर आम्ही हसायचो. याला अपवाद एकच होता, तरस. तो शब्द मला बाबांनी दिला. बाबा स्टील प्लांटच्या टाइम ऑफिसात क्लार्क होते, पण त्यांचं लहानपण आर्वीकडच्या खेड्यात गेलेलं. रविवारी ते आम्हाला टाउनशिपच्या बागेतलं प्राणिसंग्रहालय दाखवायला न्यायचे. सगळी गर्दी सिंहाकडे धावत असताना बाबा एका कोपऱ्यातल्या पिंजऱ्यासमोर थांबायचे. पाटीवर लिहिलेलं होतं 'लकड़बग्घा'. बाबा पाटीकडे ढुंकूनही न पाहता म्हणायचे, "हे तरस. आमच्या वावराच्या धुऱ्यावरून जाये." धुरा म्हणजे शेताचा बांध. पुढचे पाय उंच, मागचे आखूड, पाठीवर उभी आयाळ, आणि डावा कान मधोमध फाटलेला. ते पिंजऱ्यात सारखं एकाच वाटेनं फिरायचं आणि वळताना दर वेळी माझ्याकडे बघायचं. निदान माझी तशी खात्री होती. सिंह कोणाकडे बघायचाच नाही, म्हणून मला तो कधी आवडला नाही.

आमच्या क्वार्टरच्या भिंतीला भिंत लागून रश्मीचं क्वार्टर होतं. तीही मराठीच, पण रायपूरची. तिच्या पणजोबांपासून ती माणसं तिकडे राहिलेली, त्यामुळे त्यांच्या घरात मराठी सणासुदीला काढायच्या भांड्यांसारखी वापरली जायची. आमच्याकडे सकाळी प्लांटचा भोंगा झाला की आईचा स्टोव्ह भरभरायला लागे, भिंतीपलीकडे त्याच वेळी रश्मीची आई हिंदीत रेडिओवर चिडलेली असे. रविवारी आई गोळाभात करायची. बेसनाचे गोळे, वर कडकडीत तेलाची फोडणी, आणि ताटात एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला रश्मी. दोघींना मिळून एकच ताट. शेवटचा गोळा कोणाचा यावरून हमखास मारामारी, आणि तो जवळपास दर वेळी रश्मी न्यायची, कारण तिचा हात माझ्यापेक्षा चपळ होता. तिच्याकडे तांदळाच्या पिठाचे वाफवलेले फरे व्हायचे तेव्हाही हेच. आई म्हणायची, या दोघींचं उष्टं कोणाचं कोणतं ते देवालाही कळायचं नाही.

मी रश्मीवर जळायची. हे मी आत्ताच सांगून टाकते, म्हणजे पुढे वाचणाऱ्यानं माझ्याकडून मोठ्या मनाची अपेक्षा धरू नये. तिचे केस लांब होते, अक्षर वळणदार होतं, आणि तिची हिंदी अशी सुळसुळीत होती की शाळेतल्या बाई तिला प्रश्न विचारतानाही हसायच्या. माझ्या हिंदीला मराठीचे खडे लागायचे. पण एका बाबतीत मी निश्चिंत होते. जनावरं माझी होती. जंगलातल्या जनावरांचा डॉक्टर व्हायचं हे मी सातवी-आठवीतच ठरवलेलं. रश्मीला माणसांची डॉक्टर व्हायचं होतं, आणि ती मला सांगायची की तुझे पेशंट फी देणार नाहीत. मी तिला बागेत ओढून न्यायची. "मले तरस पाहाले जायचं आहे," म्हटलं की ती डोळे मोठे करून विचारायची, "तरस? किस पे तरस?" हिंदीत तरस म्हणजे कीव, दया. हा विनोद आमच्यात इतका जुना झाला होता की पुढे पुढे ती नुसतं "किस पे?" म्हणायची आणि चप्पल घालायची. संध्याकाळी सिंहाच्या पिंजऱ्यातून उरलेली हाडं बादलीत भरून राखणदार तरसापुढे टाकायचा, ते बघायला मी थांबायची. रश्मी नाक मुरडून म्हणायची, "छी, शेर का जूठा खाता है." मला ते फार लागायचं. जणू माझ्याच घरच्या कोणाबद्दल ती बोलली होती.

त्या काळी मध्य प्रदेशात जनावरांच्या डॉक्टरकीची कॉलेजं मोजकीच होती, आणि आमच्या कामाची दोन. एक जबलपूरला आणि दुसरं अगदी उंबऱ्यावर, दुर्गच्या पुढे अंजोऱ्याला, तेव्हा नवंच निघालेलं. कॉलनीतल्या लोकांना दोन्ही सारखी. त्यांच्या लेखी तिथून ढोर डॉक्टर निघायचे, इकडून काय आणि तिकडून काय. पण मी चौकशी करकरून माहिती काढली होती. जबलपूरहून कान्हाचं जंगल जवळ. तिथले प्राध्यापक वाघाला बेशुद्ध करायला जातात, हरणांना कोणता रोग झाला ते बघायला जातात. बागेतला सिंह एकदा आजारी पडला तेव्हाही डॉक्टर जबलपूरहूनच आले होते. अंजोऱ्याला काय, गाई-म्हशी. बाबांना मात्र अंजोरा म्हणजे देवानं पाठवलेलं कॉलेज वाटत होतं. सकाळी डबा घेऊन बसनं जा, संध्याकाळी घरी ये. मुलीला दूर ठेवायची नाही, आणि मुलगी शिकली नाही असंही नाही. आमच्या दोघांत वाद झाला नाही, कारण बाबा वाद घालत नसत. ते नुसते सायकलला तेल घालत बसत.

परीक्षेचा निकाल लागला आणि सगळं उलटंपालटं झालं. परीक्षा दोन्ही डॉक्टरक्यांसाठी एकच होती. माझा नंबर जनावरांच्या यादीत बऱ्यापैकी लागला. रश्मीचं मेडिकल थोडक्यात हुकलं, आणि ती माझ्याच यादीत येऊन बसली, तीही माझ्या वर. ती दोन दिवस भिंतीपलीकडे रडली. मला वाईट वाटलं, खरंच वाटलं, पण तिसऱ्या दिवशी ती येऊन म्हणाली की चल, आता जनावरांचंच करू, तेव्हा मला आधी यादीतला तिचा नंबर आठवला. तरी मी मनाची समजूत घातली. ती पुढच्या वर्षी मेडिकलला पुन्हा बसणार होती, अभ्यासासाठी घरी राहणंच तिला सोयीचं. ती अंजोराच घेणार. मला ती तसं म्हणालीही होती.

जागा वाटायला जबलपूरलाच बोलावलं होतं. बाबा आणि मी, रश्मी आणि तिचे वडील असे चौघं गोंदियापर्यंत मोठ्या गाडीनं आणि तिथून छोट्या लाइनीनं गेलो. ती गाडी जंगलातून इतकी हळू जायची की झाडाची पानं तोडता यायची. मी खिडकी सोडली नाही. रश्मी मेडिकलचं जाड पुस्तक मांडीवर घेऊन झोपली होती, आणि तिच्याकडे पाहून मला पहिल्यांदाच तिच्याबद्दल निखळ माया वाटली. तिला हे काही नको होतं. सगळं माझं होतं.

हॉलमध्ये लांब टेबल, मागे फळा, फळ्यावर कॉलेजांची नावं आणि पुढे उरलेल्या जागा. एकेकाला नंबरानं बोलावत होते, तो कॉलेज सांगायचा, आणि एक बाबू ओल्या फडक्यानं आकडा पुसून नवा लिहायचा. आईबाप बाहेर व्हरांड्यात. टेबलाच्या मधोमध एक उंच, किडकिडीत प्राध्यापक बसले होते, ते प्रत्येकाला काहीतरी सहज विचारायचे. त्यानं जागेत काही फरक पडत नव्हता, त्यांची ती हौस होती. रश्मीचं नाव आलं तेव्हा फळ्यावर जबलपूरपुढे एकच जागा उरली होती. माझ्या आधी ती एकटीच होती. त्यांनी तिला विचारलं की ही लाइन का निवडलीस. आणि रश्मीनं मान किंचित वाकडी करून, त्या सुळसुळीत हिंदीत सांगितलं, "सर, हमारे यहाँ एक लकड़बग्घा है. उसका एक कान फटा हुआ है. सब लोग शेर देखने जाते हैं, मैं बचपन से उसी के सामने खड़ी रहती हूँ." प्राध्यापकांनी चष्मा काढला. इतक्या वेळात त्यांनी कोणासाठीही चष्मा काढला नव्हता. "कौन सा कॉलेज?" बाबूनं विचारलं. ती म्हणाली, "जबलपुर."

ओल्या फडक्याचा तो आवाज मी अजून ऐकू शकते. माझ्या अंगाची नुसती आग झाली. माझं नाव पुकारलं होतं. प्राध्यापकांनी मलाही हसून तोच प्रश्न विचारला. आता मी काय सांगणार? माझ्याकडे होतं ते सगळं आत्ताच कोणीतरी सांगून गेलं होतं. तो हिंदी शब्दही तीच घेऊन गेली होती, तो मला आठवेना. मी म्हणाले, "सर, मुझे तरस बहुत पसंद है."

"तरस?" ते गोंधळले. "किस पर?"

हॉल हसला. मी बाबांसारखं, बाबांच्या शब्दात सांगत होते आणि त्यांना वाटत होतं ही पोरगी म्हणते आहे की मला कीव फार आवडते. प्राध्यापक बिचारे चांगल्या मनाचे, ते म्हणाले, "बेटा, तरस खाने से इलाज नहीं होता." त्या हॉलमध्ये तरस म्हणजे काय ते ठाऊक असलेली माझ्याखेरीज एकच व्यक्ती होती. ती दारापाशी उभी होती, आणि ओढणी तोंडाला लावून तीही हसत होती. मी अंजोरा म्हणाले. बाहेर बाबांचा चेहरा इतका खुलला की मला त्यांच्याकडे बघवेना. परतीच्या गाडीत रश्मीनं बेसनाच्या तळलेल्या ठेठरीचा डबा उघडून माझ्यापुढे धरला. मी नको म्हटलं. तिनं विचारलं, नाराज आहेस का? मी म्हणाले, डोकं दुखतं. बाहेर तेच जंगल होतं, आता तेही तिचं झालेलं.

अंजोऱ्याच्या कॉलेजबद्दल मी वाईट बोलणार नाही. आज मी ज्या हातांनी काम करते, ते हात तिथे तयार झाले. खांद्यापर्यंत गाईच्या पोटात हात घालून वासरू कसं पडलं आहे ते ओळखायला मी तिथे शिकले. पण तेव्हा मला त्यातलं काही दिसत नव्हतं. बस, डबा, शेण, पुन्हा बस. घरी आल्यावर आई मागच्या दारी बादली भरून ठेवायची आणि कपडे बदलल्याशिवाय आत येऊ द्यायची नाही. अंघोळ करताना भिंतीपलीकडून रश्मीच्या आईचा आवाज यायचा, ती कोणालातरी जबलपूरबद्दल सांगत असायची. दिवाळीत रश्मी आली ती डोक्यावर खाकी टोपी घालून. सीनियर मुलांबरोबर ती कान्हाला जाऊन आली होती. तिथे तिनं गवे पाहिले, इतके जवळून की त्यांचा श्वास ऐकू येत होता. मी चकली खात ऐकत होते. म्हटलं, आमच्याकडे म्हशीचाही येतो. ती हसली, मी हसले नाही. त्या रात्री मी टोपीवर जळले, गव्यांवर जळले, आणि सर्वांत जास्त या गोष्टीवर जळले की तिला गव्यांची भीती वाटली होती आणि ती ते खुशाल सांगत होती.

वर्ष संपता संपता रश्मीनं पुन्हा परीक्षा दिली आणि या खेपेला तिला रायपूरचं मेडिकल मिळालं. ती पेढे घेऊन आली. आईच्या पाया पडली, मग माझ्या हातात पेढा ठेवून म्हणाली, "वंदू, आता तू जा ना जबलपूरला. मेरी सीट खाली हो गई." मी नंतर चौकशी केली, ते खरं होतं. एका कॉलेजातली जागा रिकामी झाली की दुसऱ्या कॉलेजातून बदली मागता येत होती, आणि अंजोऱ्यातून अजून कोणीही ती मागितली नव्हती. मला आनंदानं उडी मारायला हवी होती. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मेरी सीट! वर्षभर वापरून, कंटाळा आला म्हणून टाकलेली. मी आईला सांगितलं, तिची उष्टी जागा मला नको.

आई तेव्हा आंबाडीची भाजी निवडत होती. तिनं मान वर केली नाही. "आता कावून उष्टं दिसून राहिलं तुले? एका ताटात जेवत होत्या दोघीजणी, तेव्हा तं नाई दिसलं."

मी म्हटलं, तेव्हा गोष्ट वेगळी होती. आई म्हणाली, "हो. तेव्हा तुले भूक लागत होती."

बाबा खूश होते. माझ्या मानीपणाचं त्यांना कौतुक वाटत होतं, आणि डबा-बसचा क्रम पुढेही चालू राहणार होता. माझे ते दिवस फार वाईट गेले. बदलीची मुदत संपत आली होती, मी अर्ज केला नव्हता, आणि रात्रंदिवस मला एकच दिसत होतं: त्या हॉलमधलं ओलं फडकं आणि ओढणी तोंडाला लावलेली रश्मी. हेवा माणसाला खातो असं म्हणतात. माझ्या बाबतीत तो मला काही खाऊ देत नव्हता.

एका रविवारी संध्याकाळी मी एकटीच बागेत गेले. पुष्कळ दिवसांनी. तरस म्हातारं दिसायला लागलं होतं, आयाळ विरळ झाली होती, पण फिरण्याची वाट तीच. राखणदार बादली घेऊन आला. सिंहाकडची हाडं होती, बरंचसं मांस चाटूनपुसून खाल्लेलं. त्यानं एक मोठं मांडीचं हाड आत टाकलं. तरसानं ते हुंगलं, पंजाखाली धरलं आणि एका कडेनं जबडा लावला. हाड फुटल्याचा आवाज झाला, असा की माझ्या शेजारचं लहान मूल आईच्या मागे लपलं. सिंहाला जे फोडता आलं नव्हतं त्याच्या आतलं सगळं ते सावकाश चाटत होतं. खाली बघून, कोणाकडे लक्ष न देता. माझ्याकडेही नाही. मला साक्षात्कार वगैरे काही झाला नाही. मला कडकडून भूक लागली, एवढंच आठवतं.

घरी आले तर बाबा अंगणात सायकल उलटी करून चेन बसवत होते. मी म्हणाले, मी अर्ज करते आहे. ते चाक फिरवत राहिले. मग म्हणाले, "तरस पाहाले तुले जबलपूरले कायले जा लागते? इथंच तं आहे."

"इथल्याले काही झालं तं डॉक्टर कुठून बोलावतेत, बाबा?"

बाबांचा हात चाकावर थांबला. सिंह आजारी पडला तेव्हाची गोष्ट त्यांनीच मला सांगितली होती. त्यांनी खिशातून फडकं काढून हात पुसले, बराच वेळ पुसले. "जबलपूरहून," ते म्हणाले, आणि आत जाऊन त्यांनी आईला विचारलं की आपली ती मोठी पेटी कुठं ठेवली आहे.

या वेळी रश्मी स्टेशनवर पोचवायला आली होती. तिनं मला ती खाकी टोपी दिली. मी घेतली. आज ती रायपुरात कातडीच्या रोगांची मोठी डॉक्टर आहे, आम्ही फोनवर बोलतो, हिंदीतच, आणि तिच्या पाहुण्यांना ती अजूनही सांगते की मीसुद्धा एक वर्ष जंगलवाली होते. तिच्या तोंडून ते ऐकलं की अजूनही माझ्या छातीत काहीतरी कचकन चावतं. लोक म्हणतात वय झालं की हे सगळं गळून पडतं. माझे दात पडले, हे नाही पडलं. ती टोपी मात्र मी पुष्कळ वर्षं वापरली, कड फाटेपर्यंत.

जबलपूरला पोचल्यावर पहिल्याच दिवशी सही घ्यायला मला त्याच किडकिडीत प्राध्यापकांकडे पाठवलं. त्यांनी मला ओळखलं नाही. कागदावर भिलाई वाचून ते थांबले आणि चष्मा काढला. म्हणाले, "भिलाई से पिछले साल एक लड़की आई थी. बहुत होशियार. एक लकड़बग्घे की बात करती थी, कान फटा हुआ. मुझे लगा था ये लड़की जंगल में टिकेगी." त्यांनी सुस्कारा सोडला. "चली गई. तुम उसकी जगह आई हो?"

वर्षापूर्वी यांच्यापुढे जो शब्द मला आठवला नव्हता तो आता जिभेवर तयार होता.

"नहीं सर," मी म्हणाले. "वो मेरी जगह आई थी. वो लकड़बग्घा मेरा है."